एकाच तिकिटावर

थोंग्यंग
१४ सप्टेंबर २०१९

मल-सुन,

तू माझा फोन उचलणार नाहीस, म्हणून लिहायला बसले. कागदावर लिहिते, त्याचे फोटो काढून तुझ्या सोलच्या फोनवर पाठवते, ती तुला मोठे करून दाखवेल. तुझ्या लेकीला आपलं बोलणं सगळं समजतं, पण हाताचं अक्षर लागत नाही, असं तीच मला म्हणाली. तेव्हा हे तुझं तुलाच वाचावं लागणार. नको असेल तर वाचू नकोस. पण मी तुला ओळखते. माझं लग्न ठरल्यावर तिकडून आलेली पत्रं माझ्याआधी तू वाचायचीस.

परवा सकाळी मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते, तेव्हा सोलचा फोन आला. आवाज अगदी तुझा. मी आधी "मल-सुन?" असंच विचारलं. ती मग म्हणाली, "मावशी, मी सोल. आईला बरं नाहीये. स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टर महिन्यांचं बोलत नाहीत, आठवड्यांचं बोलतात."

मी विचारलं, "तिनं करायला सांगितला फोन?"

"नाही. कळलं तर मला घराबाहेर काढेल."

पोरीला रागावू नकोस. मोठ्या मुश्किलीनं केला असेल तिनं.

मी येतेय. हे विचारत नाही, सांगतेय. विचारायचं आहे ते वेगळंच. तुमचं ब्यूनस आयर्स इथून इतकं लांब आहे की थेट विमानच नाही, कुठंतरी उतरून दुसरं धरावं लागतं. आणि मी आजवर एकदाच विमानात बसलेय, जेजू बेटावर गेले तेव्हा. पाण्याचा पेला हातात आला आणि उतरायची वेळ झाली.

ह्ये-जिननं बुसानहून फोनवर मला तीन वाटा समजावल्या. तुझी भाची आता शाळेत उपमुख्याध्यापिका झालीय, त्यामुळे आईलाही वर्गातल्यासारखीच शिकवते. पहिली वाट अमेरिकेमार्गे. सगळ्यात लवकर पोहोचवते, पण मधे दोन तासांचासुद्धा वेळ नाही, आणि तेवढ्यात रांगेत उभं राहून, बॅग उचलून, पुन्हा द्यायची. दुसरी आखातातून. ती सगळ्यात स्वस्त, पण पंधरा तास बाकावर बसून काढायचे. तिसरी इस्तंबूलमार्गे. मधे सात तास थांबा, मग ते विमान ब्राझीलला एकदा टेकतं आणि मग तुमच्याकडे. ह्यात बॅग एकदा इंचॉनच्या विमानतळावर दिली की थेट तुझ्या गावी मिळते. पण पोहोचायला अमेरिकेच्या वाटेपेक्षा जवळजवळ अख्खा दिवस जास्त.

"आई, तुझे गुडघे बघता तिसरी," ह्ये-जिन म्हणाली.

मी म्हटलं, "गुडघ्यांचं काय घेऊन बसलीस. तिच्याकडे दिवस किती आहेत ते बघ."



तू आजवर किती वेळा ह्या वाटांनी गेली-आलीस. तूच सांग, कुठली घेऊ?

तुझी ताई


थोंग्यंग
१९ सप्टेंबर

मल-सुन,

सोल म्हणते तू पत्र वाचलंस आणि फोन उशीखाली ठेवून दिलास. उत्तर नाही. बरं.

काल मी प्योकडे जाऊन आले. आठवतो का, माझ्या नवऱ्याच्या वर्गातला, बंदराच्या रस्त्यावर तिकिटांचं दुकान होतं तो. दुकान अजून आहे, पण अर्धं त्यानं मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्यानं दिलंय. लोक आता घरीच फोनवर तिकिटं काढतात. ह्ये-जिन म्हणाली, मीपण इथून काढून देते, तू कशाला जातेस. मला कोणीतरी समोर बसून सांगायला हवं होतं.

"बसा वहिनी," तो म्हणाला. "म्हाताऱ्यांची सहल आहे ऑक्टोबरात, सोराकसान डोंगरावरची लाल पानं बघायला. नाव घालू?"

"ब्यूनस आयर्सला जायचंय."

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "धाकटीकडे?"

"हो."

"बोलणं सुरू झालं?"

"नाही. आजारी आहे ती."

तो बराच वेळ चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, "एक आधीच सांगतो. ह्या वेळी एकाच तिकिटावर. दोन तुकडे करून नाही देणार मी, तुम्ही कितीही सांगितलंत तरी. एक तिकीट असलं की पहिल्या विमानाला उशीर झाला तरी पुढचं देणं त्यांच्या अंगावर असतं. दोन वेगळी असली की दुसऱ्याला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. गेलं म्हणजे गेलं."

मी म्हटलं, "मला कशाला सांगताय. मला माहीत नाही का."

"माहीत आहे तुम्हाला," तो म्हणाला. "मीच आठ वर्षं स्वतःला सांगतोय."

मला कधी वाटलं नव्हतं, मल-सुन, की आपल्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या डोक्यात ते तिकीट राहिलं असेल.

मग त्यानं सगळं नीट दाखवलं. इस्तंबूलची वाट त्याच्या मते माझ्यासाठी बरी. कडेची जागा घ्यायची, म्हणजे दर तासाला उठून चालता येतं. घट्ट मोजे घालायचे. आणि चाकाची खुर्ची सांगून ठेवायची. मी म्हटलं, मी कालवं फोडायला अजून उभी राहते, मला खुर्ची कशाला. तो म्हणाला, "वहिनी, खुर्ची पायांसाठी नाही. ती ढकलणारा माणूस तुम्हाला पुढच्या विमानाच्या दारापर्यंत नेऊन पोहोचवतो. तिथल्या पाट्या तुम्हाला वाचता येणार आहेत का?" मग मी हो म्हटलं. तुझी ताई खुर्चीत बसून येणार. हसून घे.

अमेरिकेचीही दाखवली. चार ऑक्टोबरच्या आधी दोन्हींत जागा नाही. अमेरिकेनं गेले तर शुक्रवारी निघून शुक्रवारीच रात्री तुझ्या दारात. पण मधली वेळ फार थोडी. सगळं जुळलं तर. त्यानं 'जुळलं तर' दोनदा म्हटलं.

मग विचारलं, "परतीची तारीख?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले. त्यानं हळूच सांगितलं, "घालावी लागते वहिनी. परतीचं तिकीट नसलं तर तिथं उतरल्यावर प्रश्न विचारतात."

"आजाऱ्याला बघायला जाणारे लोक काय सांगतात?"

"काही सांगत नाहीत. ते गप्प बसतात, मीपण गप्प बसतो. मग त्यांच्यातला कोणीतरी म्हणतो, एक महिना."

मी म्हटलं, एक महिना. म्हणजे तीन नोव्हेंबर. म्हणताना असं वाटलं की मीच तुझी मुदत लिहून देतेय. तो म्हणाला, बदलता येईल असं तिकीट घेऊ, पुढं ढकलता येतं. 'अलीकडे आणता येतं' हे त्यानं म्हटलं नाही. भला माणूस आहे.

कुठल्या वाटेचं ते अजून सांगितलं नाही त्याला. सोमवारपर्यंत दोन्हींत जागा आहेत.

ताई


थोंग्यंग
२२ सप्टेंबर, रविवार

मल-सुन,

आज सकाळी सोलचा निरोप आला. तुझे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत, म्हणते. "पुन्हा तीच निवडतेय का विमान?"

तू बोललीस तर खरी. टोमणा का असेना.

मी आज दिवसभर ह्या कागदापुढे बसून आहे. एकदा दुपारी उठून भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. आता लिहिते.

त्या फेब्रुवारीत बुधवारी आई गेल्याचा फोन मी तुला केला. तू रडत म्हणालीस, "ताई, माझे हात चालत नाहीयेत, तिकीट तूच बघ." मी प्योकडे धावले. त्याच्याकडे दोन होती. एक युरोपमार्गे, एकाच तिकिटावर, निवांत. त्यानं तू शुक्रवारी दुपारी पोहोचली असतीस. दुसरं अमेरिकेमार्गे, दोन तिकिटं जोडून, मधे पावणेदोन तास. त्यानं गुरुवारी संध्याकाळी. शुक्रवारी सकाळी आईला पुरायला डोंगरावर न्यायचं होतं. प्यो म्हणाला, वहिनी, एक दिवस थांबा, विधी तीनऐवजी चार दिवसांचा करा, तिला पहिल्या तिकिटानं येऊ द्या. मी म्हटलं, नाही, दुसरं काढा.

तिथं बर्फ पडलं, तुझं पहिलं विमान उशिरा उतरलं, दुसरं निघून गेलं, आणि तू शनिवारी आलीस. तोवर आई मातीत होती. तू मातीवर हात ठेवून म्हणालीस, "तू मला तिचा चेहरा दाखवला नाहीस." मी सगळ्यांना सांगितलं की तिकीट एवढं एकच होतं. प्योनं माझ्यासाठी तोंड बंद ठेवलं.

एक दिवस का थांबले नाही? मामा घाई करत होते, विधीची जागा आणखी एक दिवस मिळाली नाही, हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलंय. खरं असं की ते सगळं लवकर संपायला हवं होतं मला. तू आलीस की चार बायका बोलणार, विचारपूस होणार. मला भीती होती.

कारण मी तुला सांगितलं होतं, आई अचानक गेली. रात्री जेवली, सकाळी उठली नाही. हे खोटं आहे, मल-सुन. आई नऊ दिवस दवाखान्यात होती. उजवी बाजू गेली होती. तू नऊ दिवसांत दोनदा येऊन गेली असतीस.

तिसऱ्या दिवशी तिला वाचा आली. पहिला शब्द तुझं नाव. मला वाटलं, तुला बोलव म्हणतेय. मी जवळ गेले तर माझा हात धरून म्हणाली, "मल-सुन, आलीस. इतक्या लांबून आलीस." मी म्हणाले, आई, मी पिल-न्यो. तिचा चेहरा असा पडला की मला बघवेना. थोड्या वेळानं पुन्हा तेच. तेव्हा मी म्हणाले, "हो आई, आले."

मग मी रोज मल-सुन झाले. ती माझ्या गालावरून हात फिरवायची. पंचवीस वर्षं तिचं जेवणखाण, औषधं, धुणीभांडी मी केली, त्या पंचवीस वर्षांत तिनं माझ्या गालाला हात लावलेला मला आठवत नाही. वाईट नव्हती गं ती. जवळच्या माणसाला कोण हात लावतं. तुझ्या नावानं मला ते मिळत होतं. तू खरीच आली असतीस तर मी पुन्हा पिल-न्यो झाले असते. म्हणून फोन केला नाही.

दुसरं काही कारण नाही. मी खूप शोधलं.

आता उद्या सोमवार. तीच गोष्ट पुन्हा माझ्यापुढे आहे. जवळची वाट घ्यावी तर तुटण्याची भीती. लांबची घ्यावी तर तोवर तू... मी एकदा निवडलं आणि काय झालं ते तू जाणतेस. मला निवडता येत नाही. किंवा तू म्हण, येऊच नकोस. तेही मी ऐकेन.

पिल-न्यो


थोंग्यंग
२४ सप्टेंबर

मल-सुन,

काल दुपारी चारपर्यंत मी प्योच्या दुकानात बसून होते. त्यानं तीनदा कॉफी दिली. एकदाही विचारलं नाही. बाजूचा कव्हरवाला मात्र मला दोनदा विचारून गेला की आजी, फोन बिघडलाय का, सारख्या काय बघताय.

चार वाजून दहा मिनिटांनी सोलचा निरोप आला. तुझ्याकडे पहाटेचे चार. तिनं लिहिलं होतं, आईनं मला उठवून हे पाठवायला लावलंय, मला अर्थ कळत नाही, तुम्हाला कळेल असं म्हणते.

"लांबचं घे. थांबते मी."

प्योला फोन दाखवला. त्यानं वाचलं आणि इस्तंबूलचं तिकीट काढलं. एकच कागद. त्यावर दोन्ही विमानं एकाखाली एक.

चार ऑक्टोबरला निघते. तू म्हणालीस म्हणून लांबचं घेतलंय.

ताई


इस्तंबूल, विमानतळ
५ ऑक्टोबर

मल-सुन,

पहिलं विमान संपलं. साडेअकरा तास. माझ्या शेजारी डेगूचा एक हिऱ्यांचा दलाल होता, घोरत होता, त्यामुळे उठायला मीच कडेला असल्याचं बरं झालं. जेवण दोनदा दिलं. पहिल्यात वांग्याचं काहीतरी होतं, चांगलं होतं. किमची नव्हती. पाय सुजलेत पण मोज्यांमुळे बूट तरी चढतोय.

खुर्ची ढकलणारी बाई आली. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची नाही. तिनं माझं तिकीट बघितलं, हाताची बोटं दाखवली, सात. मग स्वतःच्या मनगटावर टिचकी मारली आणि जमिनीकडे बोट दाखवलं, म्हणजे इथंच बस, मी येईन. गेली.

आता चार तास झालेत. अजून तीन.

हा इतका वेळ मी निवडून घेतला ह्याचं हसू येतं. अमेरिकेनं गेले असते तर ह्या वेळी तुझ्या खोलीत असते, किंवा कुठल्यातरी काउंटरपुढे रडत असते. समोर आफ्रिकेतलं एक कुटुंब आहे. आई सगळ्यांना भाकरीचे तुकडे वाटतेय. त्यांच्या पाटीवर लाल अक्षरं आली तसा बाप उठून गेला, परत येऊन काहीतरी बोलला, आणि ती बाई भाकरी हातात तशीच धरून बसून राहिली. त्यांचं काय चुकलं मला कळलं नाही. कळायला नको.

इथलं इंटरनेट चालू कसं करायचं ते मला जमेना, तेव्हा तू आहेस की नाही तेही मला माहीत नाही. हे लिहून ठेवते. आहेस असंच धरून लिहिते.

बॅगेत तुझ्यासाठी सुकी मासळी आहे, बारीक, थोंग्यंगची. ह्ये-जिन म्हणाली, तिकडे उतरल्यावर काढून घेतील. म्हटलं, घेऊ देत.

बाई आली. उठते. म्हणजे बसते.


इस्तंबूल, विमानतळ
१३ नोव्हेंबर

मल-सुन,

परत त्याच जागी. थांबा पाच तासांचा आहे ह्या वेळी. तुला लिहायचं आता कारण नाही. तरी दोन गोष्टी राहिल्यात, त्या घरी पोहोचायच्या आत लिहून टाकते. घरी गेले की मी लिहिणार नाही.

मासळी काढून घेतली, ते तुला सांगितलंच. तू म्हणालीस, "पन्नास तासांत काढून घ्यायला दुसरं काही मिळालं नाही त्यांना." आठ वर्षांनी तुझ्या तोंडून माझ्यासमोर आलेलं ते पहिलं वाक्य. तू इतकी बारीक झाली होतीस की पलंगावर कोण आहे ते मला आधी कळलंच नाही. मी दारात खुळ्यासारखी उभी. तू म्हणालीस, "बूट काढ, ताई."

महिनाभर आपण त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. मी भाताची पेज करायची, तू दोन चमचे घ्यायचीस. खाली सोलच्या कारखान्यात विणकामाची यंत्रं चालायची आणि तुझा पलंग बारीक थरथरायचा. तू म्हणायचीस, ह्याच्याशिवाय मला झोप येत नाही. माझं पत्र तुझ्या उशीखालच्या फोनमध्ये होतं, आणि तू बरी असताना वाचतेस हे सोलनं मला सांगितलं होतं. मी विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं.

दोन नोव्हेंबरला मी बॅग खाली काढली. उद्याचं विमान. तुझ्याकडे बघत नव्हते मी. तू म्हणालीस, "तारीख आली तुझी. मी अजून इथंच. आता गं?"

मी म्हटलं, "ढकलते पुढं. प्यो म्हणालाय ढकलता येते."

"किती?"

"तू सांग."

तू छताकडे बघत म्हणालीस, "नऊ दिवस."

मी पलंगाच्या कडेला बसले. मग तू जे बोललीस ते मी रोज मनात म्हणते, विसरू नये म्हणून. तू म्हणालीस, "विमान चुकलं म्हणून कोणी बहिणीशी आठ वर्षं बोलणं टाकतं का, ताई? डोंगरावरून खाली उतरताना शेजारची म्हातारी माझा हात धरून म्हणाली, नऊ दिवस हाल झाले बिचारीचे. मला तेव्हाच कळलं. मी तीन दिवस घरात थांबले, तू सांगशील म्हणून. तू मला भात वाढत होतीस. मग मी इथं येऊन वाट बघितली. फोन उचलला असता तर तू हवापाण्याचं बोलली असतीस. ते मला ऐकायचं नव्हतं."

मी रडायला लागले. तू म्हणालीस, "रडू नको, मला उठून गप्प करता येत नाही." आणि मग, "माफ केलं असं मी म्हणणार नाही. म्हणता येत नाही मला. पण ते नऊ दिवस माझे आहेत, ते मला दे. रोज एक. घाई करू नको, गाळू नको."

पहिला दिवस मी त्याच दुपारी सांगितला. आई कालवांच्या टेबलाशीच कशी कोसळली, हातातली सुरी कोणी कशी सोडवली. तू विचारलंस, अंगात कुठला स्वेटर होता. तूच पाठवलेला, तपकिरी. दुसरा दिवस, तिसरा. तिसऱ्या दिवशी तू डोळे मिटून घेतलेस आणि म्हणालीस, "कशी म्हणाली, तसं म्हणून दाखव." मी आईच्या आवाजात म्हणाले, मल-सुन, आलीस, इतक्या लांबून आलीस. तू मला तीनदा म्हणायला लावलंस. चौथ्या दिवशी तिनं किसलेली नाशपाती खाल्ली. पाचव्या दिवशी विचारलं, तिकडे आत्ता उन्हाळा आहे ना, पोरीला घाम येत असेल. सहाव्याला मी तिचे केस धुतले. सातव्याला ती नुसती माझा हात धरून झोपून राहिली, आणि मला सांगण्यासारखं काहीच नव्हतं, तर तू म्हणालीस, "मग तेवढंच सांग." मी तेवढंच सांगितलं. तुला शब्द जड जात होते. तू म्हणालीस, "उद्या आठवा."

नऊ नोव्हेंबरला, शनिवारी, सोल औषध आणायला गेली होती आणि मी खिडकीचा पडदा ओढत होते. मागं वळले तर तू गेली होतीस. यंत्रं खाली चालूच होती. मी सोलला लगेच फोन केला. एक मिनिटही थांबले नाही.

तारीख नऊ दिवसांनीच पुढं ढकललेली होती, म्हणून तुला पोहोचवून काल निघाले. सोल विमानतळावर म्हणाली, मावशी, मी उन्हाळ्यात येते, तुमच्या उन्हाळ्यात. ये म्हटलं. कुठल्या वाटेनं यायचं ते मी सांगेन म्हटलं, तर हसली पोरगी.

आता राहिलेले दोन.

आठव्या दिवशी मी तुला फोन लावला होता. दवाखान्याच्या जिन्यातून. तुझ्या देशाचा आकडा, गावाचा आकडा, सगळा नंबर न चुकता फिरवला. तीनदा वाजला. मग वर आईची हाक ऐकू आली, मल-सुन, मल-सुन, आणि मी फोन ठेवून वर धावले. तू नंतर कधी विचारलं नाहीस, त्या वेळी तुझ्याकडे कोणी ऐकलाही नसेल. हा दिवस तुला सांगायची मला सगळ्यात जास्त भीती होती. तू गेलीस तेव्हा क्षणभर हायसं वाटलं, की आता सांगावा लागणार नाही. तेही लिहून ठेवते. गाळू नको म्हणाली होतीस.

नववा दिवस मंगळवार होता. दुपारी ऊन पलंगावर आलं होतं. आईनं डोळे उघडले, चांगले स्वच्छ, आणि म्हणाली, "मल-सुन, ताईला हाक मार."

मी म्हटलं, "कुठल्या ताईला?"

"तुला किती ताया आहेत? पिल-न्योला. पहाटेपासून कालवं फोडतेय, पोटात काही नाही तिच्या. तिचा भात काढून ठेवलास का?"

मी म्हणायला हवं होतं, आई, मीच पिल-न्यो, मी इथंच आहे. पण आठ दिवस मी मल-सुन होते. आता उलटं सांगितलं तर तिचा चेहरा पुन्हा पडेल असं वाटलं. मी म्हणाले, "ठेवलाय आई. येतेय ती. हात धुतेय."

"गार पाण्यानं धुऊ नको म्हणावं. हात फुटतात तिचे."

"सांगते."

मग ती दाराकडे बघत राहिली. मी तिचा हात धरून बसले होते, आणि मीही दाराकडे बघत राहिले. त्यानंतर ती काही बोलली नाही.

पिल-न्यो